रक्त सासरीही जातं

कोरीट,
रविवार, सकाळ

प्रिय काजल,

तुला आणि भूपेशरावांना अनेक आशीर्वाद.

मागच्या गुरुवारी पहाटे साडेचार वाजता मी सुरतेतल्या एका धर्मशाळेत पलंगाच्या कडेला बसून औषधाचं पाणी पीत होतो. खारट, आंबूस, तोंडात चिकटून राहणारं. दर पंधरा मिनिटांनी एक पेला, असे आठ पेले. ते प्यायल्यावर आतडं घासलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं. मग डॉक्टर दुर्बिणीची लांब नळी आत घालून कोपरा न् कोपरा बघतात. तुझी रुपाकाकू समोर बसून पेले मोजत होती. पाचव्या पेल्याला मी हात जोडले, तर म्हणाली, "आखो तीनच ऱ्हायनात. लगीनमा जिलबी मोजी व्हती का?" मला हसू आलं, पण हसायचीही भीती होती. पलंगावरून संडासाकडे आणि संडासातून पलंगाकडे, असा त्या पहाटे मी किती चाललो असेन! गुरुवार म्हणजे आपल्या दत्तांचा वार. गेल्या वीस वर्षांत गुरुवारी आंघोळ केल्याशिवाय मी नाव घेतलं नव्हतं. त्या दिवशी मात्र आंघोळीला सवडच नव्हती. शेवटी तसाच पारोसा, पोट धरून, मनात नाव घेत बसलो. सारंगखेड्याच्या महाराजांना म्हटलं, आज आतून स्वच्छ होऊन येतो आहे, बाहेरचं समजून घ्या.

आधी निकाल सांगतो, म्हणजे तुझा जीव खाली पडेल. काही निघालं नाही. पूर्ण आतडं पाहिलं, एक बारीकसा मस्सासुद्धा नाही. डॉक्टरबाईंनी पडद्यावर मला माझंच आतडं दाखवलं. गुलाबी, ओलं, नुकत्याच सोललेल्या पपईच्या आतल्या भागासारखं. बाहेर आल्यावर रुपाने पहिली गोष्ट केली ती चहा मागवण्याची, आणि मी पहिली गोष्ट केली ती रडण्याची. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाच्या पारावर बसून एकोणपन्नास वर्षांचा माणूस रडत होता आणि त्याची बायको खारी बिस्किटं बुडवून खात होती. तिने मला गप्प केलं नाही. म्हणाली, एवढं पाणी पाजलंय, कुठूनतरी निघायलाच हवं.

हे सगळं कशामुळे सुरू झालं ते तुला अर्धवटच माहीत आहे. तुझ्या लग्नाच्या गडबडीत तुला एवढंच सांगितलं होतं की काकांचं पोटाचं बारीकसं ऑपरेशन झालं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. आज सगळं क्रमाने लिहितो. फोनवर मला हे बोलता येणार नाही. फोनवर मी 'बाकी काय, बरं आहे' म्हणतो आणि ठेवून देतो, हे तुला ठाऊक आहे.

तुझे वडील, भाईदासदादा, गेले त्या तिथीच्या आसपास, पौषात, मी दरवर्षी लोणखेड्याच्या कॉलेजातल्या शिबिरात रक्त देतो. गेल्या वर्षीच्या पौषात तिथल्या मुलीने बोटाला सुई टोचली आणि म्हणाली, काका, तुम्ही रक्त द्यायचं नाही, तुम्हालाच द्यावं लागेल. हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं. मला वाटलं, उपास जास्त झाले असतील. पण तिथले डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी मला बाजूला बसवून विचारलं, शौचाला कधी रक्त जातं का? मी म्हणालो, मूळव्याध आहे थोडी. ते म्हणाले, कुणी सांगितलं मूळव्याध आहे? कुणीच सांगितलं नव्हतं. आपल्या घरात ते कुणाला सांगावंच लागत नाही. माझ्या वडिलांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, रक्त जायचं तेव्हाही मूळव्याधच होती. वर्षभर सुरणाचे कंद खाल्ले आणि पन्नासाव्या वर्षी गेले. दादालाही वर्षभर मूळव्याधच होती. नाव कळलं तेव्हा आजार यकृतापर्यंत पोचला होता आणि तो चव्वेचाळीसचा होता. तू तेव्हा दहावीत होतीस.

त्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, आम्ही सुरतेला गेलो, नळी टाकली, आणि उजव्या बाजूला एक मोठा मस्सा सापडला. आळंबीसारखा, देठावर उभा. त्यातूनच रोज थोडं थोडं रक्त झिरपत होतं. त्यांनी तो तिथल्या तिथे तारेने कापून काढला. तपासाला पाठवला. आठ दिवसांनी कळलं की अजून कॅन्सर झालेला नव्हता, पण दोन-तीन वर्षं तसाच राहिला असता तर झाला असता. उंबऱ्यावरून परत गेला म्हण.

मग डॉक्टरबाईंनी घराण्याची माहिती मागितली. कोण कधी गेलं, कशाने गेलं. मला तर अभिमानच वाटला. आपल्या कुळाचा भाट दर चार-पाच वर्षांनी लाल कापडात गुंडाळलेली वही घेऊन येतो, ओट्यावर बसून नावं वाचतो, आणि आपण त्याला धान्य, कापड देतो, हे तू लहानपणी पाहिलं आहेस. मागच्या खेपेला मी त्याच्याकडून अकरा पिढ्यांची नावं स्वच्छ अक्षरात उतरवून घेतली होती. ती वही मी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली. बाईंनी पानं उलटली. बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, तुमच्या घरात अकरा पिढ्यांत एकही मुलगी जन्मली नाही का?

काजल, मी खरोखर गोंधळलो. मुली जन्मल्या की! पण त्या वहीत नसतात. त्या ज्या घरी जातात तिथल्या होतात, तिथेही त्यांचं नाव कुणाची तरी बायको म्हणूनच. त्या म्हणाल्या, मला बायकांशिवाय हा कागद निम्माच आहे. घरी जा आणि आईला विचारून या.

धनुबाई, म्हणजे तुझी आजी, मिरच्यांचे देठ खुडत होती. मी विचारलं तशी ती खुडता खुडता सांगत गेली, जणू हे तिला रोज कुणीतरी विचारत होतं. माझी आत्या छबूबाई. एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, पाळी थांबायच्या वयात अंगावरून एकसारखं जात राहिलं, पिशवीचा कॅन्सर. माझ्या आजोबांची बहीण अनुसयाबाई. पोट फुगून गेली, पन्नाशीच्या आत. तिचा एक मुलगा, तोही पोटानेच. मी म्हणालो, आई, हे तू आधी का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "त्या ते दुसरासना घरन्या व्हत्यात. तेस्नं दुखनं तेस्ना घरनं." मिरचीने तिचे डोळे वाहत होते, की कशाने, ते मी विचारलं नाही.

तो कागद घेऊन परत गेलो तेव्हा बाईंनी चौकोन आणि गोल काढले. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार झाला त्याला काळं केलं. मी ते चित्र बघत होतो. नुसते चौकोन होते तेव्हा दोनच काळे होते, एक वडील आणि एक दादा. दोन माणसं म्हणजे नशीब. गोल घातल्यावर पाच झाले, आणि तेही एकाखाली एक, वाट दाखवावी तसे. त्यांनी माझं रक्त तपासाला पाठवलं. महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी निकाल आला. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. शब्द अवघड आहे, गोष्ट तशी सोपी आहे. तू शिक्षिका आहेस, तुला लगेच कळेल. अंगातली पेशी वाढते म्हणजे स्वतःची नक्कल उतरवते. उतरवताना चुका होतात, सगळ्यांच्याच होतात. त्या चुका तपासून दुरुस्त करणारी एक सोय शरीरात असते. आपल्या घरात तिच्यातला एक भाग जन्मतःच बिघडलेला आहे. मग चुका साठत जातात, आणि आतड्यात, बायकांच्या पिशवीत त्या लवकर साठतात. आजार जन्मतः नसतो, पण त्याला दार उघडं असतं.

मी त्यांना सगळ्यात आधी जे विचारलं ते तुला हसू येईल असं आहे. मी विचारलं, मग मिरचीचं काय?

तुला आठवतंच असेल. दादा गेल्यावर दहाव्याच्या दिवशी आजी सगळ्या भाऊबंदांसमोर तुझ्या आईला म्हणाली होती, "मन्हा भाईदासले हाई तुन्हा तिखटनी खादं." त्यानंतर या घरात तिखट वर्ज्य झालं. आपल्या शेतात मिरची, अंगणात मिरची, गावभर मिरची वाळवायच्या पथारीवर लाल सडा, आणि ताटात पिवळी भाजी. तुझी आई वर्षाच्या आत तुला घेऊन लोणखेड्याला तिच्या भावाकडे गेली आणि मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली. मागे एकदा मी भेटायला गेलो तेव्हा मोठ्या पातेल्यात पळी फिरवत, माझ्याकडे न बघता म्हणाली होती, "दोनशे पोरी मन्हा हातनं खातस, भाऊ. एकनंबी पोट दुखनं नही. आजीले सांगजो." मी आजीला सांगितलं नाही. 

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी नीट उत्तर दिलं. म्हणाल्या, मिरचीने हा आजार होतो असा पुरावा नाही, मिरचीला सोडा. पण ताटाचा काहीच संबंध नाही असंही समजू नका. रोजची दारू, तंबाखू, जळेपर्यंत भाजलेलं मटण, सुटलेलं पोट, आणि ताटात भाजी-डाळ-भाकरी कमी, यांनी कुणाच्याही आतड्यात चुका वाढतात. ज्याची दुरुस्तीची सोय चांगली आहे तो बराच काळ निभावून नेतो. ज्याची बिघडलेली आहे त्याला ते लवकर महाग पडतं. मला पथारी आठवली. एकाच रात्री दोन ढिगांवर सारखंच दव पडतं. जाड सालीची मिरची सकाळच्या उन्हात वाळून जाते, पातळ सालीची आतून पांढरी पडायला लागते. दवाला दोष द्यायचा की सालीला? दोन्ही मिळून ते होतं. पातळ साल असली तर माणसाने ढिगावर कापड टाकावं आणि पहाटे उठून उलथून बघावं, एवढंच.

मी जरा फुशारकीने म्हणालो, मी वीस वर्षं दारू-मटणाला शिवलो नाही. दादर ज्वारीची भाकरी, कळण्याची भाकरी, अंबाडी, मूग, ताक. तरी मला मस्सा कसा? त्या म्हणाल्या, कदाचित म्हणूनच अठ्ठेचाळीसपर्यंत तो मस्साच राहिला. कदाचित, हां. नक्की मी सांगू शकत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. भाकरी खात राहा, पण भाकरीच्या भरवशावर तपासणी चुकवू नका. ते 'कदाचित' मला फार आवडलं, काजल. इतकी वर्षं मी मनात धरून होतो की मी नेमाने वागलो म्हणून देव मला सांभाळतो आणि दादा वागला नाही म्हणून गेला. केवढा ओंगळ विचार होता तो, आणि मी तो उदबत्तीच्या वासात ठेवून दिला होता.

आता तुझ्या वडिलांबद्दल एक गोष्ट लिहितो. तू मोठी झालीस, वाचू शकशील. दादा नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना मका पुरवायचा तेव्हा आठवड्यातून चार दिवस ट्रकबरोबर असायचा. मीही पुष्कळदा असायचो. तुझी आई पहाटे उठून त्याला डबा द्यायची. दोन भाकरी, पालेभाजी, वरण, कांदा. तो डबा दादा वजनकाट्यावरच्या माणसाला देऊन टाकायचा आणि धाब्यावर बसायचा. काळं पडलेलं भाजकं मटण, मैद्याची रोटी, बाटली. मोठ्या मनाचा माणूस, चार जणांना घेऊन बसायचा, सगळ्यांना हसवायचा. रिकामा डबा घरी यायचा आणि तुझ्या आईला वाटायचं, नवऱ्याने पोटभर खाल्लं. दहाव्याच्या दिवशी आजी बोलली तेव्हा मी तिथेच उभा होतो. मला माहीत होतं की तिच्या हातचं तो चार-चार दिवस खातही नव्हता. मी एक शब्द बोललो नाही. मेलेल्या भावाचं नाव कशाला काढायचं, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे आईसमोर बोलायची छाती नव्हती.

रिपोर्ट आल्यावर मात्र मी आजीला समोर बसवलं. सगळं सांगितलं. तिखट नाही, वहिनी नाही, हे आपल्याच रक्तातलं आहे, आणि डब्याचंही सांगितलं. आजीने फार लक्षपूर्वक ऐकलं, आणि सगळ्यात आधी विचारलं, "म्हंजे मन्हाकडलं नही ना? तुन्हा बापनं रगत शे ना हाई?" मी हो म्हणालो तेव्हा ती जरा मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी रुपाला म्हणाली, आज लाल मिरचीचा ठेचा कर. नऊ वर्षांनी या घरात ठेचा झाला. आजीला ठसका लागला, पाणी प्यायली, परत खाल्ला. तुझ्या लग्नात ती तुझ्या आईला बाजूला घेऊन गेली होती, आठवतं? सगळ्यांना वाटलं मानपानाचं काही बोलते आहे. तिने तुझ्या आईचे पाय धरले होते. तुझ्या आईने धरू दिले नाहीत. पण त्या दिवसापासून ती आजीला स्वतःहून फोन करते, आणि फोनवर दोघी जणी माझ्या चुका काढतात. एवढं सुख या घरात बऱ्याच वर्षांत नव्हतं.

आमच्या ललितचीही तपासणी झाली. रिपोर्ट आल्यापासून पंधरा दिवसांच्या आत मी त्याला सुरतेला नेलं. आई-वडिलांपैकी एकाला हे असेल तर प्रत्येक मुलाला आठ आणे शक्यता असते. त्याच्यात निघालं नाही. ज्याच्यात निघालं नाही त्याची पुढची पिढीही सुटली. त्या दिवशी मी घरी येऊन देवापुढे बराच वेळ बसलो होतो. आभार मानत होतो, की दुसरं काही ऐकू येऊ नये म्हणून डोळे मिटून घेतले होते, ते आता मला कळतं.

कारण त्या वेळी आणखी एक नाव होतं, काजल, आणि ते मी सुरतेला नेलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की भावाची जी मुलगी आहे तिला हे कळलंच पाहिजे. मी लोणखेड्याला गेलो आणि तुझ्या आईला सांगितलं. तुझी तारीख ठरलेली होती, पत्रिका छापायला गेल्या होत्या. तुझी आई पीठ मळत होती ती थांबली. म्हणाली, "आते नको सांगू, भाऊ. पोरनं लगीन व्हई जाऊ दे. तिन्हा सासरासले कळनं ते काय व्हई?" तिला दोष देऊ नकोस. ज्या बाईला एकदा नवरा खाल्ल्याचा बोल लागला, तिला मुलीच्या माथ्यावर असलं काही नको होतं. दोष माझा आहे. मी 'बरं' म्हणालो. मला ते ऐकून हायसं वाटलं, कारण ते स्थळ मीच आणलं होतं. वैशाखात दादाच्या जागी बसून तुझा हात भूपेशरावांच्या हातात दिला, तेव्हा मला हे सगळं ठाऊक होतं. मग दिवाळी होऊ दे म्हटलं. मग संक्रांत. तेरा महिने झाले. मुलाला पंधरा दिवस, आणि भावाच्या मुलीला तेरा महिने. हा हिशोब मी कुणाला दाखवला नाही.

गुरुवारी नळीचा निकाल सांगून झाल्यावर डॉक्टरबाईंनी ते चौकोन-गोलांचं चित्र काढलं. दादाच्या काळ्या चौकोनाखाली एक गोल होता, त्यात प्रश्नचिन्ह. विचारलं, हिचं काय झालं? मी म्हणालो, तिचं लग्न झालं, ती नवापूरला सासरी गेली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गुजरातीतच म्हणाल्या, "तो शुं, लोही पियरमां मूकीने गई?" म्हणजे, मग काय रक्त माहेरी ठेवून गेली? रुपा माझ्याकडे बघत होती. भाटाला मी हसलो होतो मनात, की बिचाऱ्याने मुलीच लिहिल्या नाहीत. आणि मी काय केलं होतं? मुलगी घराबाहेर गेली, तिचं दुखणं तिच्या घरचं. तेच, आजी मिरची खुडता खुडता म्हणाली ते. फक्त तिला माहीत नव्हतं आणि मला माहीत होतं.

म्हणून हे पत्र आहे. तुझ्या अंगात हे असेल किंवा नसेल, आठ आणे इकडे, आठ आणे तिकडे. रक्ताची एक नळी दिली की कळतं. नसेल तर प्रश्न मिटला. असेल तर तू पंचवीसची आहेस, हेच तपासणी सुरू करायचं वय आहे असं बाई म्हणाल्या. वर्षा-दोन वर्षांनी नळी, आणि छबूआत्याला जे झालं त्याकडेही लक्ष ठेवणारे डॉक्टर असतात. जो बघत राहतो त्याचं बहुतेक वेळा मस्सा असतानाच निघतं, माझं निघालं तसं. वडील आणि दादा आजाराने गेले हे खरं, पण त्याहून खरं हे की ते न कळल्यामुळे गेले. भूपेशरावांना सांगायचं की नाही, केव्हा सांगायचं, हे तू ठरव. माझं मत विचारशील तर सांग, मुलगा समंजस आहे. घरच्यांना राग आला तर माझं नाव घे. म्हण, काकांनी लपवलं. ते खरंच आहे. मी तुझ्यासाठी सुरतेला नंबर लावलेला नाही. तुझ्याऐवजी मी पुष्कळ ठरवून झालं. डॉक्टरबाईंचा फोन नंबर शेवटच्या पानामागे लिहिला आहे.

मंगळवार, नवापूर.

पुढचं इथे लिहितो आहे. काल लोणखेड्याला जाऊन तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखवलं, तिच्या डब्याच्या भागासकट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मी संगे ऱ्हायनू ते रडसू. तूच जाय." आज सकाळच्या पॅसेंजरने आलो. घरी न येता तुझ्या शाळेत आलो, म्हणजे सासूबाईंसमोर तुला पाकीट घ्यावं लागणार नाही. तोंडी सांगितलं असतं तर तू आधी माझीच समजूत काढत बसली असतीस, म्हणून कागद. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो आहे. चौथीच्या वर्गातून तुझा आवाज येतो आहे, पाढे चालले आहेत. शिपाई म्हणाला, मधली सुट्टी होईल आता. मला भीती वाटत नाही, हे मलाच नवल आहे. मुलं बाहेर पळाली. तू दारात आलीस, मला पाहिलंस, आणि 'काका, तुम्ही इथे कसे' असं म्हणत येते आहेस. सही करतो, पाकीट बंद करतो, आणि तुझ्या हातात देतो.

तुझाच,
रोहिदासकाका